मुलगा ऐकलेलंच परत बोलतो: ऑटिझम आणि घरातली मराठी

प्रश्न, थोडक्यात: मुलगा ३ वर्षं ८ महिन्यांचा आहे. ए टू झेड, १ ते १०० आकडे, इंग्रजी बालगीतं तोंडपाठ. रस्त्यावरच्या गाड्यांची नावं वाचतो. पण ‘आई’ अशी हाक मारत नाही. तहान लागली की ‘पाणी पाहिजे का तुला?’ असं आम्हालाच विचारतो. काही विचारलं तर आमचाच प्रश्न परत करतो. दिवसभर कार्टूनमधले संवाद चालू असतात. बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझम सांगितला आहे. एका थेरपिस्टनी ‘घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला’ असं सांगितलं. दुसऱ्या बाईंनी चित्रांची कार्डं सुचवली, पण त्यानं तो आळशी होईल अशी भीती वाटते. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही उशिराच बोलले. आम्ही काय करावं? तो बोलेल का?

उत्तर:

ताई, आधी पाण्याचं घेऊ, बाकीची बरीच उत्तरं त्यातूनच निघतील. तुमचा मुलगा ‘पाणी पाहिजे का तुला?’ म्हणतो तेव्हा तो पाणी मागत असतो. तान्हा होता तेव्हापासून समोर पेला आला की हेच वाक्य त्याच्या कानावर पडलंय. त्यानं ते अख्खंच्या अख्खं उचललं आणि पाण्याला चिकटवलं. हे वाक्य आलं की पाणी येतं, एवढं त्याला पक्कं कळलंय. मराठी घरांत आपण मोठी माणसं लहान मुलांशी बरंचसं प्रश्नांतच बोलतो. भूक लागली का? शू आली का? झोप आली का माझ्या सोन्याला? भूर जायचं का? मूल ही वाक्यं जशीच्या तशी उचलत असेल, तर त्याची प्रत्येक गरज ‘का’वरच संपणार.

ऐकलेलं परत बोलणं सगळीच मुलं करतात. दीड-दोन वर्षांचं कुठलंही मूल घ्या, पोपटासारखं शेवटचे दोन शब्द उचलतं. मग अडीच-तीन वर्षांपर्यंत ती वाक्यं मोडून-जोडून बघायला लागतात. बोलणारा बदलला की ‘मला’चं ‘तुला’ होतं, हे त्यांच्या ध्यानात येतं. त्यासाठी नुसते शब्द पाठ असून भागत नाही. कोण कोणाशी बोलतंय, कोण कुठे बघतंय, याकडे लक्ष असावं लागतं. ऑटिझममध्ये नेमकी हीच जागा अवघड असते. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली, तिथून आजच्या ऑटिझमच्या अभ्यासाची सुरुवात धरतात. त्या ११पैकी ८ मुलं बोलत होती, आणि त्यांची सर्वनामं ऐकली तशीच्या तशी यायची. स्वतःला ‘तू’, समोरच्याला ‘मी’. ‘हो’ म्हणण्याऐवजी ती विचारलेला प्रश्नच परत म्हणत. तुम्ही ‘बिस्कीट हवं?’ विचारल्यावर तुमचा मुलगा ‘बिस्कीट हवं?’ म्हणत असेल, तर बहुतेक वेळा तो होकार समजा. नको असेल तेव्हा तो काय करतो ते बघा: तोंड फिरवेल, हात ढकलेल, नाहीतर सरळ पळेल. म्हणजे हो आणि नाही दोन्ही त्याच्याकडे आहेत, फक्त आपल्याला ओळखू येतील अशा रूपात नाहीत.

मराठीत यात आणखी एक भर पडते. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा ‘मी येते हं’ म्हणून चपला घालायला लागतो, कारण घराबाहेर पडताना हेच ऐकलेलं असतं. शेजारीपाजारी हसतात, आजोबा दामटून ‘येतो म्हण, येतो’ करतात. ते आत्ता सोडून द्या. क्रियापदाचं लिंग सुधारण्यापेक्षा तो ते वाक्य योग्य वेळी, दाराशी, कोणासाठी तरी बोलला, याची किंमत आज जास्त आहे.

या परत बोलण्याला आम्ही इकोलालिया म्हणतो. काही वेळा ते लगेच होतं, तर काही वेळा ऐकल्यानंतर तासांनी, दिवसांनी, वर्षांनी. कार्टूनचे संवाद हा दुसरा प्रकार. निदानाच्या नियमावलीत, म्हणजे २०१३ सालच्या डीएसएम-५मध्ये, इकोलालिया ‘तेच तेच करण्याच्या’ लक्षणांत मोडतो, हात फडफडवणं आणि वस्तू ओळीत लावणं यांच्या शेजारी. त्यामुळे अनेक पालक, आणि खेदाने सांगावं लागतं की काही थेरपिस्टही, ती खोड समजून मोडायला जातात. एके काळी उपचारांचा रोखही तोच असायचा: निरर्थक बडबड, ती थांबवा. १९८१ साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डूकन यांनी ४ ऑटिस्टिक मुलांचं व्हिडिओ चित्रण बारकाईनं तपासलं, तेव्हा लगेच परत बोलण्याची ७ वेगवेगळी कामं त्यांना दिसली. मूल कधी आपली पाळी सांभाळत होतं, कधी मागत होतं, कधी ‘हो’ म्हणत होतं, कधी ऐकलेलं पचवायला स्वतःशीच घोळवत होतं, तर कधी स्वतःला आवरत होतं. काही उद्गार खरोखरच कोणासाठीही नव्हते, तेही त्यांनी नोंदवलं.

माझ्याकडे येणारा एक मुलगा मधूनच ‘पुढील स्टेशन, दादर’ म्हणायचा. लोकलमधल्या घोषणेचा सूर अगदी हुबेहूब. सुरुवातीला ते टेबलावरचं काम कंटाळवाणं झालं की यायचं, पण डॉक्टरांकडच्या रांगेतही यायचं आणि लग्नाच्या हॉलमध्येही. आईशी बोलताना उलगडा झाला: आजोळी जाताना ते दादरला उतरत. गर्दी, आवाज, घाम, आणि मग ती घोषणा झाली की सुटका. त्याच्यासाठी त्या वाक्याचा अर्थ होता ‘आता उतरू द्या मला’. आम्ही ते वाक्य बंद केलं नाही. तो म्हणाला की त्याच चालीत ‘झालं, उतरू या’ असं म्हणायचो आणि खरोखरच काम थांबवायचो. काही महिन्यांत ‘झालं, उतरू या’ त्याच्या तोंडून यायला लागलं. पुढे नुसतं ‘झालं’. हा शब्द शाळेतल्या बाईंनाही कळतो, अनोळखी माणसालाही कळतो. त्याच्या किंकाळ्या कमी झाल्या त्या इथून.

तुम्हीही एक वही करा. मोबाइलमध्ये नको, राहून जातं. ओळ कोणती, ती आली कुठून, आणि ती बोलण्याच्या आधी लगेच काय घडलं होतं, एवढंच लिहायचं. ‘अरे बापरे, पडला!’ ही ओळ कार्टूनमधली असेल आणि तो ती मिक्सर सुरू झाला की म्हणत असेल, तर तो घाबरल्याचं सांगतोय. ‘व्हेरी गुड, क्लॅप क्लॅप’ हे जिना चढून झाल्यावर येत असेल, तर काम पुरं झालं. दोन आठवड्यांत तुमच्या लक्षात येईल की दहा-बारा ओळीच फिरून फिरून येतात आणि त्यातल्या निम्म्यांना तरी पत्ता आहे. उरलेल्या निव्वळ मजेसाठी किंवा जीव शांत करण्यासाठी असतील. त्यांच्यामागे लागू नका. आपणही भांडी घासताना गुणगुणतोच.

इथे एक सावधगिरीचा शब्द. हल्ली इन्स्टाग्रामवर यावर एक पूर्ण पंथच उभा राहिलाय. मूल ‘जेस्टाल्ट’ पद्धतीनं, म्हणजे सुट्या शब्दांऐवजी अख्खी वाक्यं उचलून भाषा शिकतं, म्हणून त्याला सुटे शब्द शिकवू नका, प्रश्न विचारू नका, ठरलेल्या पायऱ्यांनीच जा, महागडा कोर्स करा. इकोलालियाला अर्थ असतो हे पक्कं आहे. पण त्या पायऱ्यांच्या कार्यक्रमानं मुलं अधिक चांगली बोलतात, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा आजवर नाही. त्यातलं ‘मुलाच्या ओळीचा मान राखा’ एवढं घ्या. सुटा शब्द कामाचा असेल तर बेलाशक शिकवा.

आता घरी करायचं काय, तर पहिला बदल तुमच्या वाक्यांत. तो तुमचं वाक्य उचलणारच आहे, मग त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य त्याच्यासमोर ठेवा. तो फ्रिजपाशी उभा आहे, पाणी हवंय हे तुम्हाला दिसतंय. ‘पाणी पाहिजे का तुला?’ हे गिळा. त्याच्या उंचीवर बसा, पेला तुमच्या चेहऱ्याजवळ धरा आणि त्याच्या वतीनं म्हणा, ‘पाणी दे.’ लगेच थोडं पाणी द्या, दोन घोट. तो पिईल आणि पुन्हा बघेल. आता बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा. आपल्याकडे गप्प बसणं कोणाला जमत नाही, हे मला माहीत आहे. मावशी, काकू, शेजारच्या वहिनी सगळ्या मध्ये पडतात, ‘अरे बोल ना रे, पाणी म्हण!’ त्यांना बाहेरच्या खोलीत चहा द्या. तो काही करेल: हात पुढे करेल, ‘पा’ म्हणेल, नुसता तुमच्या डोळ्यांत बघेल, किंवा जुनंच वाक्य म्हणेल. काहीही केलं तरी पाणी मिळालं पाहिजे, आणि देताना तुम्ही पुन्हा ‘पाणी दे’ म्हणायचं. ‘आधी नीट म्हण, मग देईन’ हा मार्ग मी कोणालाच सांगत नाही. तहानलेल्या मुलाशी सौदा केला की त्याला शब्द येत नाही, राग येतो.

‘मला पाणी दे’ऐवजी ‘पाणी दे’ का, तर ‘मला-तुला’चा गुंता निदान काही महिने बाजूला राहतो. मराठीची ही सोय आहे, सर्वनाम वगळूनही वाक्य पुरं होतं. ‘भूक लागली’, ‘भीती वाटली’, ‘नको’, ‘अजून’, ‘उघड’, ‘मदत कर’, ‘झालं’. इतक्या शब्दांवर तीन-चार वर्षांच्या मुलाचा अर्धा दिवस निभतो. रंग, आकार, फळं, प्राणी यांची नावं त्याला येतातच, त्यात अजून भर घालण्याची घाई नको. ‘हे काय आहे? याचा रंग कोणता? काकांना ए-बी-सी म्हणून दाखव’ ही परीक्षा दिवसातून जितकी कमी होईल तितकं बरं. प्रश्नाच्या जागी सांगा: तो गाडीचं चाक फिरवत बसला असेल तर शेजारी बसा, तुम्हीही एक चाक फिरवा आणि म्हणा, ‘फिरलं... फिरलं... थांबलं!’ थांबलं म्हटल्यावर तुम्हीही थांबा. त्यानं वर बघितलं, तर तुमचं काम झालं. ते वर बघणं पुढच्या सगळ्या भाषेचा पाया आहे. साधारणपणे वर्षाच्या आतबाहेर मुलं एखादी गोष्ट बघतात, मग आईकडे बघतात, पुन्हा त्या गोष्टीकडे. बोटानं चंद्र दाखवतात, फक्त ‘बघ ना’ म्हणून. चंद्र त्यांना हातात नको असतो. तुमच्या मुलानं हे केलं होतं का, ते आठवून बघा. बहुतेक ऑटिस्टिक मुलांत हे दाखवणं उशिरा येतं किंवा विरळ असतं, आणि त्याऐवजी ती मोठ्यांचं मनगट धरून वस्तूपाशी नेतात, जणू हात सुटा आहे आणि त्याला माणूस जोडलेला नाही. तो तुमचा हात ओढून डब्यावर ठेवेल, तेव्हा हात सैल सोडा, चेहरा त्याच्यासमोर आणा, ‘उघड’ म्हणा आणि उघडा.

हे मी मनाचं सांगत नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं. पालकांचं आणि मुलाचं खेळणं चित्रित करायचं, मग तेच चित्रण पालकांबरोबर बसून बघायचं आणि कुठल्या क्षणी मूल काही सांगत होतं ते शोधायचं. हे काम करणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते होते. पालक मुलाच्या कलानं प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला, हेही खरं. तरी त्यातली व्हिडिओची युक्ती फुकट आहे. मोबाइल डब्याला टेकवून दहा मिनिटांचा खेळ चित्रित करा आणि रात्री नवरा-बायकोनं मिळून बघा. आपण किती बोलतो आणि किती कमी थांबतो, हे पाहून बहुतेक आईबाबा ओशाळतात.

मराठी की इंग्रजी

मराठी बंद करू नका. हा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की त्याचा मला आता राग येतो. दोन भाषांनी ऑटिस्टिक मुलाचा गोंधळ वाढतो, हे तर्काला पटतं, पण तपासल्यावर टिकत नाही. कॅनडात हॅम्बली आणि फोंबोन यांनी ७५ ऑटिस्टिक मुलं घेऊन एकभाषिक आणि द्विभाषिक घरांतल्या मुलांची तुलना केली. २०१२ साली ते काम प्रसिद्ध झालं. द्विभाषिक घरांतल्या मुलांची भाषा जास्त मागे पडलेली आढळली नाही. त्यानंतरच्या अभ्यासांचा सूरही तोच आहे.

आणि व्यवहार बघा ना. तुम्ही ठरवून इंग्रजी बोलाल, पण सासूबाईंचं काय? भाजीवाल्याचं काय? तुम्ही स्वतः चिडलात, हसलात, कुशीत घेतलंत की तोंडून मराठीच येणार. इंग्रजीत तुमची वाक्यं आखूड होतील, हुकमी होतील: ‘सिट डाऊन’, ‘कम हिअर’, ‘गुड बॉय’. ज्या मुलाला सूर, चेहरा आणि शब्द यांची सांगड घालणंच जड जातंय, त्याला घरची माणसं अडखळत बोलणारी भाषा देऊन काय साधणार?

मग त्याला इंग्रजीच का येतं? कारण यूट्यूबवरचं इंग्रजी दर वेळी अगदी तसंच असतं. तोच आवाज, तीच चाल, तेच चित्र, आणि समोरून कोणी उत्तराची वाट बघत नाही. हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. ट्युनिशियात घराघरांत तिथली बोली अरबी बोलतात, पण तिथली काही ऑटिस्टिक मुलं कार्टूनमधली प्रमाण अरबी बोलताना संशोधकांना आढळली; घरात ती भाषा कोणीच बोलत नव्हतं. तुमच्या मुलाचं इंग्रजी ही त्याची जमेची बाजू आहे, ती काढून घेऊ नका. त्यानं ‘ओपन इट’ म्हटलं तर उघडून द्या आणि सहज म्हणा, ‘उघड.’ तो ‘रेड कार’ म्हणाला तर ‘हो, लाल गाडी. गेली!’ दोन्ही भाषा शेजारी नांदू शकतात.

स्क्रीनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे नाव तुमच्या कानावर घातलं असेलच. असं निदान डीएसएममध्ये नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही नाही. मोबाइलनं ऑटिझम झाला म्हणून स्वतःला कोसू नका. मात्र जेवतानाचा मोबाइल बंद करा, कारण जेवण म्हणजे ‘दे’, ‘अजून’, ‘नको’, ‘झालं’ यांच्या सरावाची दिवसातून तीन वेळा आपोआप येणारी संधी आहे.

कार्डांनी आळस येतो का

नाही. चित्रं, खुणा, आवाज देणारी ॲप्स यांबद्दल ही भीती प्रत्येक घरात असते, म्हणून आकडे सांगते. २००६ साली विकासात्मक अडचणी असलेल्या मुलामाणसांवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले. ज्यांच्याबद्दल ठोस पुरावा होता अशा २७ जणांपैकी ८९ टक्क्यांचं तोंडी बोलणं पर्यायी साधन दिल्यावर वाढलं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं. कमी कोणाचंही झालं नाही. वाढ फार मोठी नव्हती, पण दिशा स्पष्ट आहे. कारणही सरळ आहे: सांगितलं की मिळतं, हा अनुभव एकदा आला की मूल सांगण्याचे आणखी मार्ग शोधतं.

कार्डं वापरायची पद्धत मात्र नीट शिकून घ्या. पेक्स ही पद्धत १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी तयार केली. तिच्या पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, हातात शेंगदाण्याची चिक्की घेऊन, तोंडातून अवाक्षर न काढता. दुसरं मुलाच्या पाठीमागे. मूल चिक्कीकडे झेपावलं की मागचं माणूस त्याचा हात चित्राकडे नेतं, चित्र उचलून समोरच्या तळहातावर ठेवायला मदत करतं. त्या क्षणी समोरचं माणूस ‘चिक्की!’ म्हणतं आणि तुकडा देतं. मागच्यानं बोलायचं नाही, समोरच्यानं विचारायचं नाही. आपल्याकडे होतं काय, एकच थेरपिस्ट समोर बसून ‘चिक्की दाखव, चिक्की कुठाय?’ करत राहते आणि मूल चित्रावर बोट ठेवायला शिकतं, पण माणसाकडे जाऊन मागायला शिकत नाही. मोबाइलवर भारतीय भाषांत बोलणारी ॲप्सही आहेत: आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’, चेन्नईचं ‘आवाज’. तुमच्या मुलाला अक्षरं वाचता येतात, तेव्हा चित्राखाली देवनागरीत शब्द जरूर लिहा. काही मुलांना ऐकलेल्यापेक्षा वाचलेलं लवकर उमगतं. एक गोष्ट टाळा: मुलाचा हात किंवा मनगट धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करवून घेणारी मंडळी. तिथे बहुतेक वेळा हात धरणाऱ्याचंच मन बोलत असतं, आणि अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे.

सासूबाईंचं म्हणणं आणि कानाची तपासणी

तुम्ही लिहिलेल्यात कानाच्या तपासणीचा उल्लेखच नाही. चॉकलेटचा कागद दुसऱ्या खोलीत चुरगळला तरी धावत येतो, म्हणजे ऐकू येतं, असं समजून बरेच जण ती टाळतात. काही मुलांना मोजक्याच पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत, आणि नेमके ‘स’, ‘श’, ‘फ’सारखे उच्चार हरवतात. बेरा आणि ओएई या चाचण्या मूल झोपलेलं असताना होतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत होतात, जिल्हा रुग्णालयांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्याबद्दल विचारता येईल. हा अहवाल हातात आल्याशिवाय पुढचं काहीही पक्कं धरू नये.

‘बाबाही उशिरा बोलले’ याला मी हसत नाही. काही मुलं खरोखर उशिरा बोलतात आणि बरोबरीला येतात. पण ती बोलत नसतानाही हातवारे करतात, नजरेनं विचारतात, आजीला ओढून फुलपाखरू दाखवतात, नाटकं करतात. काही मुलांची अडचण फक्त भाषेची असते. शब्द सापडत नाहीत, वाक्य जुळत नाही, पण माणसांत मिसळायची ओढ पुरेपूर असते. शाळेच्या वयातल्या सुमारे ७ टक्के मुलांत अशी विकासात्मक भाषा-अडचण आढळते, म्हणजे ऑटिझमपेक्षा ती कितीतरी जास्त सर्रास आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. डाउन सिंड्रोमच्या मुलांना बोलण्यापेक्षा समजतं जास्त आणि खुणा चटकन जमतात. तुमच्या मुलाचं चित्र उलटं आहे: शब्दांचा साठा भरपूर, आणि दुसऱ्यासाठी तो वापरणं कमी. म्हणून वेखंड उगाळून, जिभेखालचा पडदा कापून किंवा ‘थोडं थांबू’ म्हणून याला उत्तर मिळणार नाही. सासूबाईंना विरोधी पक्षात बसवू नका, मात्र. ओव्या, बडबडगीतं, ‘इथे इथे बस रे मोरा’ त्यांना येत असतील. गुदगुल्या येण्याच्या जरा आधी थांबायचं आणि तो वर बघेपर्यंत वाट बघायची, एवढं त्यांना शिकवा. हे त्या माझ्यापेक्षा चांगलं करतील.

तो बोलेल का

बोलतोच आहे, पण तुमचा प्रश्न मला कळतो. वयाच्या चौथ्या वर्षी ज्यांना दोन-तीन शब्द जोडून बोलता येत नव्हतं अशा ५३५ ऑटिस्टिक मुलांचा अमेरिकेतला अभ्यास २०१३ साली आला. ती आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी झाल्यावर पाहिलं, तर त्यांतली ७० टक्के मुलं शब्द जोडून बोलायला लागली होती आणि ४७ टक्के सफाईनं बोलत होती. दुसरीकडे, सगळ्या ऑटिस्टिक मुलांत सुमारे २५ ते ३० टक्के मुलं शाळेच्या वयातही फारच थोडे शब्द बोलतात. त्यांच्यासाठी चित्रं आणि ॲप हाच आयुष्यभराचा आवाज असतो. तुमच्या मुलाजवळ स्पष्ट उच्चार आहेत, पाठांतर आहे, वाचन आहे. माझा कल आशेकडे आहे, तारीख मात्र देणार नाही. ‘सहा महिन्यांत बोलता करून देतो’ म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका. स्टेम सेलवाल्यांकडे तर अजिबात नाही. ऑटिझमसाठी तो उपचार शिफारस करण्याजोगा नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ सालीच सांगितलं आहे.

आणि बोलणं आलं की अडचण संपते, असंही नाही. चांगली फडाफड बोलणारी, दहावीत उत्तम गुण मिळवणारी मुलं माझ्याकडे येतात. पाहुणा दारात उभा राहून ‘येतो’ म्हणतो, तर ‘तुम्ही तर जाताय’ असं त्याला तोंडावर ऐकवतात. ‘नको नको’ म्हणणाऱ्याला पुन्हा आग्रह का करायचा, हे त्यांना कोडं असतं. आग्रहाच्या संस्कृतीत खरा नकार ओळखणं आपल्यालाही सोपं नाही, मग त्यांना का दोष द्यावा? तो पुढचा धडा. आत्ता फक्त एवढं ध्यानात असू द्या, की सरळ बोललेलं त्याला कळतं. टोमणा, आडवळण, ‘बघते हं तुझ्याकडे’ कळत नाही.

शाळेचं आत्ताच ठरवायची घाई नाही. ठरवताना माध्यमापेक्षा वर्गातली मुलांची संख्या आणि बाईंचा स्वभाव बघा. अपंगत्व प्रमाणपत्राचं मात्र लांबवू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी आयसा ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्याबरोबर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं आणि राष्ट्रीय न्यासाच्या १ लाखापर्यंतच्या ‘निरामय’ आरोग्य योजनेसाठी अर्ज करता येतो. थेरपीचा खर्च वर्षानुवर्षं चालतो, तेव्हा हे सोडू नये.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते आधी विचारा; असणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. दुसरं, मला आत बसता येईल का, हे विचारा. ४५ मिनिटं दार लावून घ्यायचं आणि शेवटी ‘आज छान केलं त्यानं’ म्हणून मूल परत द्यायचं, अशा ठिकाणी जाऊ नका. आठवड्यात दोन तास तो तिथे असेल, बाकीचा सगळा वेळ तुमच्याकडे. त्या दोन तासांत शिकायला तुम्हीही हवं. पहिल्या भेटीला जाताना कानाचा अहवाल, ती वही आणि घरच्या खेळाचा एक व्हिडिओ न्या. वही उघडून बघायची तसदी न घेणारा थेरपिस्ट असेल तर दुसरा शोधा.